ओकची फळे घरी शिजवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात ‘ओक’ म्हटले की आधी आडनाव आठवते आणि झाड नंतर. तरीही थंडीच्या तोंडावर काही घरांत ही फळे येऊन पडतातच. कोणी कुमाऊँमधला ट्रेक करून परतताना सॅकच्या कप्प्यातून किलोभर घेऊन येतो, तर कोणी मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहायला गेल्यावर पदपथावर त्यांचा सडा पाहतो आणि तिथूनच फोन करून विचारतो, की एवढी फळे वाया जात आहेत, ही खात नाहीत का? गेल्या काही वर्षांत मी कोथरूडच्या माझ्या स्वयंपाकघरात ही फळे अनेकदा केली, काही वेळा बिघडवलीही. त्या अनुभवातून आणि लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेल्या शंकांतून ही उत्तरे लिहिली आहेत.

ओकचे फळ खरोखर खाण्याजोगे असते का?

असते, मात्र झाडावरून पडले तसे नव्हे. हे कठीण कवचाचे, सुपारीहून लहान किंवा तिच्याएवढे फळ असते, त्याच्या देठाकडे खवल्यांची छोटी टोपी बसलेली असते आणि आत पिठूळ गर असतो. जगात ओकच्या शेकडो जाती आहेत आणि ज्या ज्या प्रदेशांत त्यांची जंगले होती, तिथे माणसांनी हे फळ कधी ना कधी खाल्लेले आहे. कॅलिफोर्नियातील मिवोक आणि इतर मूलनिवासी लोकांचे ते रोजचे अन्न होते. ते त्याचे पीठ वाळूच्या खळग्यात पसरून त्यावरून पाणी ओतत आणि विणलेल्या टोपल्यांत तापलेले दगड टाकून त्याची पेज शिजवत. कोरियात या फळाच्या सत्त्वाची ‘दोतोरीमुक’ नावाची थरथरती वडी आजही घरोघर खाल्ली जाते. स्पेनमध्ये काही ओकवृक्षांची फळे इतकी गोडसर असतात की ती नुसती भाजूनही खातात, पण तिथे त्यांचा मोठा वाटा डुकरांच्या चाऱ्याकडे जातो. या सर्वांनी सोडवलेला प्रश्न एकच होता, आणि तो म्हणजे फळातला तुरटपणा.

हा तुरटपणा कशाचा असतो? कच्चे फळ खाल्ले तर काय होईल?

तो टॅनिनचा असतो. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, म्हणून जीभ कोरडी पडते आणि तोंड आवळून येते. मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. जांभळे जास्त खाल्ली की घसा धरतो, कच्चे केळफूल चिरताना बोटे काळी होतात आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणारा हिरडा चघळला की तोंडाचे जे होते, त्या सगळ्यांमागे याच वर्गातील द्रव्ये आहेत. किंबहुना ओकचे टॅनिन आपल्यापैकी अनेकांनी जन्मल्यानंतर काही दिवसांतच चाखलेले आहे, कारण बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ हे फळ नसून ओकच्या फांदीवर एका लहान गांधीलमाशीने अंडे घातल्यामुळे तयार झालेली गाठ असते.

एखादे कच्चे फळ चावून पाहिल्याने अपाय होत नाही; तोंड वाईट होते एवढेच. मात्र कच्ची फळे पोटभर खाल्ल्यास मळमळ, पोटदुखी आणि बद्धकोष्ठ होऊ शकते. गुरांनी आणि घोड्यांनी ती मोठ्या प्रमाणात खाल्ल्यास त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते, हे पशुवैद्यकांना चांगले ठाऊक आहे. घरात कुत्रा असेल तर फळांची पिशवी त्याच्या तोंडाला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.

आमच्या सोसायटीत सिल्व्हर ओकची झाडे आहेत. त्यांची फळे चालतील का?

चालणार नाहीत. हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला गेला आहे. सिल्व्हर ओक हे मूळचे ऑस्ट्रेलियातील झाड. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी आणि आपल्याकडे रस्त्याकडेला शोभेसाठी लावलेले. नेच्यासारखी पाने आणि उन्हाळ्यात येणारे केशरी, फणीसारखे फुलोरे यांवरून ते सहज ओळखू येते. त्याचा खऱ्या ओकशी नावापुरताच संबंध आहे. त्याला टोपीचे फळ धरत नाही आणि जे धरते ते खाण्याचे नाही.

खरा ओक सह्याद्रीत नैसर्गिकरीत्या वाढत नाही. त्यामुळे सिंहगडाच्या वाटेवर किंवा मुळशीच्या रानात सापडलेले कोणतेही फळ ‘ओकसारखे दिसते’ म्हणून उचलून शिजवू नये. टोपीवजा देठावर बसलेले बी म्हणाल तर आपल्या रानात बिब्बा आहे, आणि त्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात हे कोणाही जुन्या माणसाला विचारावे. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. या पानावरील कृती केवळ खात्रीने ओळखलेल्या ओकच्या फळांसाठी आहे. ती अन्य कोणत्याही कडू किंवा तुरट बीला लावू नये, कारण प्रत्येक विष पाण्याने निघून जात नाही.

मग फळे आणायची कुठून?

भारतात ओकचे घर हिमालयात आहे. उत्तराखंड आणि हिमाचलात साधारण दीड ते सव्वादोन हजार मीटर उंचीवर ज्याला बांज म्हणतात तो ओक सर्वत्र दिसतो. त्याहून वर मोरू आणि खर्सू. बांजची फळे थंडीत पिकतात. खर्सूची मात्र भर पावसाळ्यात पिकतात आणि झाडावर असतानाच त्यांना मोड येऊ लागतात, त्यामुळे ती आपल्या उपयोगाची क्वचितच राहतात.

अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून एकही फळ उचलू नये; वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तेथे लागू असतो. राखीव वनांतही १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार परवानगीशिवाय वनोपज नेता येत नाही, आणि उत्तराखंडमध्ये अनेक जंगले वनपंचायतींच्या ताब्यात आहेत. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे ज्या घरी मुक्कामाला उतरलो त्या घरच्या माणसांना विचारावे, त्यांच्या हद्दीतल्या झाडाखालची फळे योग्य पैसे देऊन घ्यावीत आणि तीही किलो-दीड किलोपेक्षा जास्त नकोत. बांजच्या फळांवर अस्वल, वानर, उडत्या खारी आणि कितीतरी पक्षी थंडीसाठी अवलंबून असतात, शिवाय त्याच फळांतून पुढचे जंगल उगवायचे असते. आपण तिथले पाहुणे आहोत.

परदेशातून कच्ची फळे भारतात आणण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. ती रुजू शकणारी बी असते, तिच्यात किडीही असतात, आणि अशा वनस्पतिजन्य वस्तूंच्या आयातीवर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे निर्बंध आहेत. तिथे असाल तर तिथेच करून खाऊन यावे. उत्तर अमेरिकेतील ओक ढोबळमानाने दोन गटांत पडतात. पानांचे फाटे गोलसर असतील तर तो पांढऱ्या ओकचा गट. त्याची फळे कमी तुरट, पण पडल्यावर लगेच रुजणारी. फाटे टोकदार असतील आणि टोकावर केसासारखा काटा असेल तर तांबड्या ओकचा गट. त्याची फळे अधिक तुरट, अधिक तेलकट आणि पिकायला दोन वर्षे घेणारी. पहिल्यांदा करणाऱ्याने गोल पानांचे झाड शोधावे.

चांगले फळ कसे ओळखावे?

पूर्ण पिकलेले, तपकिरी, जड आणि टोपीतून सहज सुटणारे फळ घ्यावे. हिरवी फळे आणि टोपी घट्ट चिकटून राहिलेली फळे टाळावीत, कारण ती बहुधा अर्धवट वाढून किंवा कीड लागून गळलेली असतात. कवचावर गोल, टाचणीच्या डोक्याएवढे भोक असेल तर आतला पाहुणा खाऊन बाहेर पडलेला आहे.

निवडलेली फळे पाण्यात टाकावीत. बुडतात ती ठेवावीत, तरंगतात ती टाकून द्यावीत. ही परीक्षा ताज्या फळांसाठी आहे, कारण वाळलेले चांगले फळही तरंगू शकते. पहिल्या वर्षी मी ही परीक्षा उद्यावर ढकलली आणि पिशवी तशीच ओट्यावर ठेवली. सकाळी ओट्यावर, गॅसच्या शेगडीखाली आणि चहाच्या डब्याच्या झाकणावर पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या फिरत होत्या. त्या ओकफळातील भुंग्याच्या अळ्या असतात आणि त्यांनी माणसाला काही अपाय होत नाही, पण ही गोष्ट सकाळी सहा वाजता सासूबाईंना पटवून देणे कठीण असते.

फळे वाळवावीत का? आणि फोडावीत कशी?

दोन्ही कामे जोडलेली आहेत. ताज्या फळाचा गर कवचाला आणि आतल्या तांबूस पापुद्र्याला चिकटून बसतो. वाळल्यावर तो आकसतो आणि सुटतो. पुण्यातले ऑक्टोबर-नोव्हेंबरचे कोरडे ऊन या कामाला उत्तम. परातीत एकेरी थर पसरून चार-पाच दिवस गच्चीत ठेवावे, संध्याकाळी आत घ्यावे आणि फळ कानाशी धरून हलवल्यावर आत खुळखुळ आवाज येऊ लागला की वाळले असे समजावे. गच्चीवर खारी येत असतील तर वर चाळण पालथी घालावी.

फोडण्यासाठी हातोडीपेक्षा अडकित्ता चांगला. फळ आडवे धरून हलकेच दाबले की कवच तडकते आणि गराचे दोन भाग नीट निघतात. घरात अडकित्ता उरला नसेल तर तुळशीबागेत अजून मिळतो. गर काळा, भुसभुशीत किंवा बुरशी आलेला असेल तर तो तुकडा काढून उरलेला वापरण्याचा मोह टाळून सबंध टाकून द्यावा. पापुद्रा मात्र काढलाच पाहिजे, कारण त्यात टॅनिन भरपूर असते. वाळलेला गर शेंगदाण्यासारखा तळहातांत चोळून सुपात पाखडला की बहुतेक पापुद्रा उडून जातो. जो चिकटून राहतो तो कोमट पाण्यात तासभर भिजवून नखाने निघतो. हे काम कंटाळवाणे आहे. ते गप्पा मारता मारता करण्याचे काम आहे.

तुरटपणा काढण्याची योग्य रीत कोणती?

रीती दोन आहेत, गरम पाण्याची आणि थंड पाण्याची. पुढे काय करायचे आहे यावरून त्यांतली निवडावी. दोन्हींचे तत्त्व एकच: टॅनिन पाण्यात विरघळते, तेव्हा ते पाण्यात उतरू द्यायचे, ते पाणी टाकायचे आणि नवे घ्यायचे.

गरम रीतीत गराचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करावेत. शेगडीवर दोन पातेल्यांत पाणी उकळत ठेवावे. एका पातेल्यात गर घालून पंधरा-वीस मिनिटे उकळावा. पाणी कोऱ्या चहासारखे गडद होते. ते गाळून गर लगेच दुसऱ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात घालावा, तोवर पहिल्यात नवे पाणी उकळत ठेवावे. असे पाच ते दहा वेळा करावे लागते. फार तुरट फळांना त्याहून जास्त. इथे एक गोष्ट जपायची: उकळता गर मध्येच थंड पाण्यात टाकू नये. तसे केल्यास उरलेला तुरटपणा गरात बसून जातो आणि मग कितीही पाणी बदलले तरी पूर्ण निघत नाही. माझा पहिला घाणा अशानेच गेला. नळाखाली धुऊन घेतला आणि पुढचे चार तास गॅस जाळूनही त्याची कळ गेली नाही.

थंड रीतीला दिवस लागतात पण गॅस लागत नाही. गर पाण्याबरोबर मिक्सरमधून अगदी बारीक वाटून काचेच्या बरणीत घ्यावा. एक भाग वाटणाला तीन-चार भाग पाणी असावे. ढवळून बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. काही तासांत पीठ तळाशी बसते आणि वर तांबूस पाणी राहते. ते अलगद ओतून टाकावे, तळाचा पांढरट थर हलू देऊ नये, पुन्हा ताजे पाणी घालून ढवळावे. सकाळ-संध्याकाळ असे केले तर तीन ते दहा दिवसांत काम होते. ज्यांनी कुरडईसाठी गव्हाचा चीक केला आहे त्यांना यातले काहीच शिकवावे लागत नाही. भिजवणे, वाटणे, बसू देणे, वरचे पाणी काढणे, सगळे हातात असते. एवढेच की कुरडईचा गहू आंबू दिला तर बिघडत नाही, हे वाटण मात्र आंबू द्यायचे नाही. पुण्याच्या हवेत बाहेर ठेवल्यास दुसऱ्या दिवशी वास येतो, म्हणून फ्रिज आवश्यक आहे.

या दोन रीतींत एक मोठा फरक आहे. उकळताना गरातला स्टार्च शिजून जातो, म्हणून गरम रीतीच्या पिठाला चिकटपणा राहत नाही. ते लाडूला, थालीपिठाच्या भाजणीला किंवा अख्खे तुकडे उसळीत घालायला चांगले. थंड रीतीत स्टार्च कच्चाच राहतो, म्हणून धिरडी आणि वडी यांना तीच हवी.

वेळ वाचवण्यासाठी कुकर लावला तर?

कुकरमध्ये गर मऊ होतो, पण टॅनिन त्याच पाण्यात कोंडून राहते आणि गराबरोबर शिजते. कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणजे एक पाणी, एवढाच हिशेब धरावा. शिवाय सुटलेले पापुद्रे शिट्टीच्या भोकात अडकू शकतात. मी सुचवणार नाही.

लोखंडी कढई किंवा तवा वापरावा का?

तुरटपणा पूर्ण निघेपर्यंत नाही. टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळसर काळा रंग धरतो. पूर्वी ओकच्या गाठी आणि हिराकस यांपासून लिहिण्याची शाई अशीच करत. गर विषारी होत नाही, पण त्याचा रंग आणि चव दोन्ही जातात. स्टीलचे पातेले सर्वांत बरे. कल्हई उडालेले पितळी भांडे नको. सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येत असेल तर गर थोडा गडद होऊ शकतो. शक्य असल्यास पालिकेच्या नळाचे पाणी घ्यावे.

तुरटपणा गेला हे ओळखायचे कसे? पाणी स्वच्छ दिसले की पुरे का?

पाणी स्वच्छ दिसणे पुरेसे नाही. पहिल्या चार पाण्यांतच रंग बराच उतरतो, चव मात्र मागे राहते. घड्याळावर आणि पाण्याच्या मोजणीवरही विसंबू नये, कारण एकाच झाडाची फळे दोन वर्षांत सारखी नसतात.

जिभेवरच भरवसा ठेवावा. कणभर गर घेऊन सावकाश चावावा, गिळू नये, आणि अर्धा मिनिट थांबावे. तुरटपणा लगेच जाणवत नाही, मागून येतो. हिरड्या आणि गालांची आतली बाजू खडबडीत वाटली तर आणखी पाणी बदलावे. चव बेताची, किंचित गोडसर, उकडलेल्या आठळीच्या जवळची वाटली की झाले. चारपाच वेळा चाखल्यावर जीभ बोथट होते आणि सगळेच बरे लागू लागते, तेव्हा शेवटची चव घरातल्या दुसऱ्या माणसाकडून पाहून घ्यावी. शक्यतो स्पष्ट बोलणाऱ्या माणसाकडून. पुण्यात अशी माणसे शोधावी लागत नाहीत.

यात किती पाणी जाते? ते टाकून देणे जिवावर येते.

अर्धा किलो गरासाठी थंड रीतीत वीसएक लिटर पाणी सहज लागते आणि गरम रीतीतही त्याच्या आगेमागे. उन्हाळ्यात खडकवासल्यातला साठा खाली जाऊन शहरात पाणीकपात सुरू झाली की हे काम काढू नये, असा माझा स्वतःपुरता नियम आहे. पहिली दोन-तीन गडद पाणी शौचालयात ओतण्यासाठी बादलीत साठवावीत. कुंड्यांना ती घालू नयेत. पांढऱ्या फरशीवर आणि सुती कपड्यांवर त्यांचे डाग पडतात, मात्र ज्यांना नैसर्गिक रंगकामाची हौस आहे त्यांना हेच पाणी हिरड्याच्या काढ्याप्रमाणे कापडावर पाया देण्यासाठी वापरता येते.

वाळवलेला गर गिरणीत दळून मिळेल का?

गिरणीवाल्याला आधी विचारावे, आणि तो नाही म्हणाला तर राग मानू नये. हा गर तेलकट असतो. जात्यावर त्याची लदी बसते आणि तुमच्यानंतर ज्याचे गहू दळायचे आहेत त्याच्या पिठात तो मिसळतो. कवचाच्या फळांची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट गंभीर आहे. घरच्या मिक्सरमध्ये थोडे थोडे, थांबून थांबून दळावे आणि मैद्याच्या चाळणीने चाळावे. एक किलो कवचासकट फळांतून माझ्या हाती साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पीठ येते. कीड जास्त असेल त्या वर्षी त्याहूनही कमी.

पिठाचे काय काय करता येते?

नवख्याने थालीपिठापासून सुरुवात करावी. एक वाटी ओकचे पीठ, तीन वाट्या नेहमीची भाजणी, बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, ओवा आणि कोथिंबीर असे सैलसर भिजवून तव्यावर थापावे. ओकच्या पिठाला ग्लुटेन नसते, म्हणून नुसत्या त्याचे थालीपीठ उलटताना मोडते. ज्वारीच्या भाकरीत चौथा हिस्सा मिसळला तर भाकरी थोडी गडद आणि खमंग होते. त्याहून जास्त घातल्यास थापताना कडा फाटतात. नुकत्याच लावलेल्या लसणाच्या फोडणीचे ताक घालून केलेली आंबील मला सगळ्यांत आवडते, आणि ती थंड रीतीच्या पिठाचीच दाट होते.

कोरियन पद्धतीची वडी करून पाहण्यासारखी आहे. थंड रीतीत तळाशी बसलेले पांढरट सत्त्व पंचातून गाळून घ्यावे, म्हणजे चोथा वेगळा होतो, आणि ते पुन्हा बसू देऊन वाळवावे. या सत्त्वाच्या एका वाटीला साडेपाच ते सहा वाट्या पाणी आणि चिमूटभर मीठ घालून गुठळी न होऊ देता मंद आचेवर सारखे ढवळावे. आधी काहीच होत नाही, मग एकाएकी मिश्रण तपकिरी होऊन आळते आणि कालथा जड लागतो. त्यानंतरही आठ-दहा मिनिटे ढवळत राहावे, नाहीतर वडी ओलसर राहते. तेलाचा हात लावलेल्या थाळीत ओतून थंड होऊ द्यावे. कोरियात ती सोया सॉस, तीळ, पातीचा कांदा आणि मिरची यांच्याबरोबर खातात आणि तशीच ती चांगली लागते. आमच्या घरी एकदा तिच्यावर साखर आणि वेलची घालून खरवसाचे नाव देण्यात आले होते; तो प्रयोग पुन्हा झाला नाही.

गूळ आणि तुपात भाजलेल्या पिठाचे लाडू नाचणीच्या लाडवासारखे लागतात. पीठ आधीच उकळलेले असले तरी तुपात नीट खरपूस भाजावे, नाहीतर मातकट चव येते. तुरटपणा काढलेले तुकडे गडद भाजून कुटले तर त्यांची कॉफीसारखी पूडही होते. युद्धकाळात खरी कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा जर्मनीत ही पूड प्याली जात असे. तिच्यात कॅफीन नसते. फिल्टर कॉफीची सवय असलेल्यांनी फार अपेक्षा ठेवू नये.

उपवासाला चालते का?

वरी, राजगिरा, शिंगाडा आणि साबुदाणा ज्या परंपरेने उपवासाला चालतात, त्या परंपरेला ओक माहीतच नव्हता. धान्य नसल्याने चालावे असे म्हणणारे आहेत. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोही परदेशातूनच आला होता, असा युक्तिवाद माझ्या नणंदेने केला आणि एकादशीला वडी खाल्ली. ज्याने त्याने आपल्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवावे.

पोषणमूल्य किती? कोणी खाऊ नये?

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या गरात सुमारे ३८७ कॅलरी, ४१ ग्रॅम कर्बोदके, २४ ग्रॅम स्निग्धांश आणि ६ ग्रॅम प्रथिने असतात; जातीनुसार स्निग्धांश पुष्कळ कमीअधिक होतो. म्हणजे हे धान्य आणि तेलबी यांच्या मधले अन्न आहे. त्याला औषध समजू नये आणि मधुमेह असलेल्यांनी ते इतर पिष्टमय पदार्थांप्रमाणेच मोजून खावे.

काजू, अक्रोड, बदाम यांची ॲलर्जी असलेल्यांनी ते टाळावे. इतरांनीही पहिल्यांदा चमचा-दोन चमचेच खाऊन एक दिवस वाट पाहावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. टॅनिन अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते, म्हणून रक्त कमी असलेल्यांनी आणि लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या गरोदर स्त्रियांनी हा पदार्थ नेहमीच्या जेवणात आणू नये. लहान मुलांना हट्टाने भरवण्याचे काही कारण नाही.

किती दिवस टिकते?

कवचासकट नीट वाळवलेली फळे हवाबंद डब्यात थंडीचे आणि उन्हाळ्याचे काही महिने चांगली राहतात, मात्र पहिला वळीव पडायच्या आत ती संपवावीत किंवा फ्रीजरमध्ये हलवावीत. पुण्याच्या जूनच्या हवेत त्यांना बुरशी येते, आणि बुरशी आलेला गर धुऊन, भाजून किंवा उन्हात घालून वाचवता येत नाही. तयार पीठ तेलकट असल्याने लवकर खवट होते. ते फ्रिजमध्ये महिनाभर आणि फ्रीजरमध्ये साधारण सहा महिने राहते. ओला, तुरटपणा काढलेला गर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये. डब्यावर तारीख आणि ‘ओक’ असे स्पष्ट लिहावे. आमच्याकडे एकदा ते पीठ नाचणीचे समजून बाळाच्या सत्त्वासाठी काढले गेले होते, आणि केवळ रंग थोडा वेगळा दिसला म्हणून वेळीच लक्षात आले.